पायाचा वाटा

उंबरदऱ्यात कचरूबा ओव्हाळांपेक्षा त्यांचा उजवा पाय जास्त प्रसिद्ध होता. दिसायला त्या पायात काही खास नव्हतं. टाच फाटलेली, अंगठा बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखा बाजूला गेलेला, आणि माप असं की नांदूरघाटच्या बाजारातला चप्पलवाला कचरूबांना लांबून येताना पाहिलं की घाईघाईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. पण वर्षातून एकदा, चैत्रात, हा पाय बोलायचा. आणि तो बोलेपर्यंत सगळं गाव गप्प बसायचं. ज्या गावात ग्रामसभेत एक माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, त्या गावात.

त्याचं कारण नदी. बालाघाटाच्या डोंगरातून उतरणारी ही नदी पावसाळ्यात उंबरदऱ्याला दमदाटी करून जाते, दिवाळीला जरा माणसात येते आणि होळी झाली की तुटायला लागते. इथं एक डबकं, तिथं एक डबकं, मधे नुसते गोटे. शेवटी उरतो तो एकटा मोठा डोह. नदीभरचे मासे पाण्यामागं सरकत सरकत त्यातच येऊन बसतात. रोहू, कटला, मरळ, चिलापी, सगळे दाटीवाटीनं, लग्नाच्या मांडवात पाऊस आल्यावर माणसं बसतात तसे.

डोहाचा नियम जुना. होळीनंतर तिथं कुणी जाळं टाकायचं नाही, कुणी पाय घालायचा नाही. म्हशींनीसुद्धा खालच्या उतारावरच पाणी प्यायचं. मग एक दिवस ठरायचा आणि त्या दिवशी सगळं गाव एकदम जाळी घेऊन उतरायचं. घराघराला वाटा व्हायचा, डोह मोकळा व्हायचा आणि उरलेलं पाणी जनावरांना पावसापर्यंत पुरायचं. दिवस मात्र चुकून चालत नसे. उगाच लवकर उतरलं तर पोटात अंडी धरलेले मासे जायचे आणि ऐंशी माणसांच्या पायांनी तळाचा गाळ उठायचा. उशीर झाला तर मासे आतल्या आत मरायचे, कुजायचे, आणि त्या पाण्याला म्हैस तोंडसुद्धा लावायची नाही.

हा दिवस ठरायचा डोहाच्या तळाशी. तिथं एका काळ्या खडकाला फट आहे आणि फटीत झरा. तो वाहता असला की तळाला गारवा राहतो आणि मासे तग धरतात. तो बंद पडला की चार दिवसांचा खेळ. पाणी छातीभर, फट अंगठा जाईल एवढीच, आणि ती नेमकी कुठं आहे हे ठाऊक असलेलं गावात एकच माणूस. कचरूबा हात जोडून पाण्यात शिरायचे, खडकावर उभे राहायचे, डोळे मिटून अंगठा फटीत घालायचे, आणि मग काठाकडे तोंड करून सांगायचे, "पाय म्हणतो, थांबा." किंवा, "पाय म्हणतो, उद्या." स्वतःचं मत त्यांनी कधी दिलं नाही. जे काही असायचं ते पायाचं असायचं. त्याबद्दल गाव दरसाल एक मासा जास्तीचा द्यायचं. त्याला 'पायाचा वाटा' म्हणत, आणि तो डोहातला सगळ्यात मोठा रोहू असे.

हा मान कचरूबांना कुणी ताटात वाढून दिलेला नव्हता. त्यांच्या आज्याला याच डोहाच्या वरच्या अंगाला उभं राहायची सोय नव्हती. प्यायचं पाणी खालून भरायचं, तेही सगळ्यांचं झाल्यावर. बहात्तरच्या दुष्काळात डोह पार कोरडा पडला तेव्हा चौदा वर्षांचं कचरू नावाचं पोर अनवाणी त्या तळावरून चाललं होतं आणि एका खडकापाशी थबकलं होतं. तळपायाला गार लागलं म्हणून. हातांनी उकरलं, तर पाणी. त्या वर्षी अख्खं गाव तेच पाणी प्यालं, वरचे आणि खालचे, एकाच ओळीत उभे राहून. तेव्हापासून त्या पायाला विचारल्याशिवाय डोहाचं काही ठरत नसे.

तर असा हा पाय संक्रांतीपासून मेलेला होता.

साखरेच्या आजारानं मेला होता. ही गोष्ट फक्त कचरूबांना ठाऊक होती, असं कचरूबांना वाटत होतं. आधी तळव्याला मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या म्हणून त्यांना बरं वाटलं, तर मुंग्यांबरोबर बाकीचंही सगळं गेलं होतं. माघात बाभळीचा बोटभर काटा दोन दिवस टाचेत घेऊन ते गावभर हिंडले. केशरबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो बघितला आणि त्या किंचाळल्या.

"अवो, हे काय!"

"ठाऊक हाय मला," कचरूबा शांतपणे म्हणाले. "राहू दिलता."

"काऊन? शोभेला?"

यावर कचरूबांनी विषय पावसाकडे नेला. माघात.

चैत्राच्या पहिल्या रविवारी गाव काठावर जमलं. कचरूबा हात जोडून पाण्यात शिरले. खडक सापडला, कारण गुडघ्याला खडक अजून कळत होता. पाय त्यांनी अंदाजानं फटीकडे सरकवला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. पाय पाण्यात होता की वाळवंटात, काही कळेना. काठावर सुंदरराव, ज्यांची नदीकाठानं पंचवीस एकर जमीन होती आणि गावात ज्यांचा शब्द शेवटचा असायचा, ते छत्री टेकून उभे होते. त्यांच्या शेजारी बंकट, कचरूबांचा शाळेपासूनचा दोस्त, आठ म्हशींचा मालक.

"काय म्हणतो पाय?" सुंदररावांनी विचारलं.

पाय काहीच म्हणाला नव्हता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कचरूबांना स्वतःचं मत द्यायची वेळ आली. गेल्या साली या सुमाराला झरा वाहता होता. यंदा पाऊसही बरा झालेला. त्यांनी काठाकडे तोंड केलं.

"पाय म्हणतो, थांबा. जयंती होऊ द्या, मग बघू."

चौदा एप्रिलच्या जयंतीला अजून आठ दिवस होते. लोक निवांत घरी गेले. कचरूबा ओल्या धोतरानं किती तरी वेळ काठावरच बसून राहिले.

बुधवारी फटफटायच्या वेळेला ते एकटेच डोहावर आले. वारं अजिबात नव्हतं. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. आणि त्या गुळगुळीत पाण्यावर ठिपके. आधी त्यांना वाटलं झाडाची पानं पडलीत. मग एक ठिपका उघडला आणि मिटला. रोहूचं तोंड. त्याच्या शेजारी दुसरं. मग कटल्याचं मोठं, कढई उताणी ठेवावी तसं. हवेसाठी वर आलेली पन्नास-साठ तोंडं.

कचरूबा काठाशी उकिडवे बसले. याची कारणं दोन असू शकतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वारं पडलं आणि रात्र कुंद गेली की झरा वाहता असला तरी मासे पहाटे तोंड वर काढतात. ऊन चढलं, पाणी हललं की आपोआप खाली जातात. नाहीतर झरा बंद पडलाय. पहिलं असेल तर जाळी टाकणं म्हणजे डोहाचा खून. दुसरं असेल तर न टाकणं म्हणजे खून. आणि दोन्हींतला फरक एका अंगठ्याला कळायचा.

"काय बे कचरू, मोजतोस का?" मागून बंकट म्हशी घेऊन आला. "तोंडं वासलीत की बे त्यांनी. आपल्या सोसायटीच्या सभासदांवानी."

"खेळत्यात," कचरूबा म्हणाले.

"खेळत्यात?"

"वारं न्हाई. ऊन आलं की जात्यात खाली."

"पाय म्हणतो?"

"पाय म्हणतो."

बंकटनं मान डोलावली आणि म्हशींच्या मागं गेला. त्याला एवढ्यावर पटलं, याचाच कचरूबांना जास्त घोर लागला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसावर लोकांनी चटकन विश्वास ठेवला की त्याला पळायला जागा राहत नाही. ऊन चढल्यावर मासे खाली गेले, पण सगळे नाहीत. दहा-बारा तोंडं तशीच राहिली. नऊ वाजेपर्यंत कचरूबा ती बघत होते.

गुरुवारी सकाळी ते न्हाणीच्या दगडावर आंघोळीला बसले. या आंघोळीची एक रीत होती, चाळीस वर्षांची. केशरबाई चुलीवरचं पाणी उपसायच्या, गार पाण्याचं विसण घालायच्या आणि पहिला तांब्या त्यांच्या पायावर ओतायच्या. मग कचरूबा निकाल द्यायचे. निकाल तीनच होते. "अगं, हिवाळा ओतलास का?" किंवा "अगं, कातडं सोलतेस का?" किंवा "झकास." पहिले दोन निकाल आलटून पालटून रोज लागायचे. 'झकास' वर्षातून दोनदा लागायचा, एकदा दिवाळीला आणि एकदा चुकून. केशरबाईंच्या हाताला त्या बोलण्यांनी अशी तालीम मिळाली होती की डोळे झाकून त्या पाण्याची धग सांगू शकायच्या.

संक्रांतीपासून मात्र रोज 'झकास' लागत होता.

गुरुवारी केशरबाईंनी चुलीवरच्या हंड्याला हातच लावला नाही. रांजणातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि पायावर ओतलं.

"झकास," कचरूबा म्हणाले.

तांब्या खाली ठेवून केशरबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"रांजणातलं व्हतं."

कचरूबांनी खाली पायाकडे पाहिलं. पाय त्यांच्याकडे बघत होता, अगदी निरागस.

"कदीपासून?" केशरबाईंनी विचारलं.

"संक्रांत."

"मग रविवारी डोहात काय कळलं तुमाला?"

न्हाणीतून वाहिलेलं पाणी शेवग्याच्या आळ्यात जात होतं, ते कचरूबांनी पुरतं जाईपर्यंत पाहिलं.

"मासे तोंड काढायलेत," शेवटी ते म्हणाले.

"मी काल धुनं धुवायला गेलते. बघितलं." केशरबाईंचा आवाज उतरला. "गावाला सांगा."

"काय सांगू? पन्नास वर्सं ज्याच्या भरवशावर बसले त्यो पाय लाकडाचा झालाय म्हणून? आज्याला काठावर उभं राहू देत नव्हते, तिथं सुंदरअण्णा छत्री मिटवून माझी वाट बघतो. ते गमावू?"

"आन डोह मेला म्हंजी? तवा काय ऱ्हाईल?"

"झरा चालू असल बी."

"असल," केशरबाई उठल्या. "न्हाई तर नसल. आता घ्या आंघोळ करून. ऊन पानी आनते. झकास म्हनू नका मातर, डोकं फिरतं माझं."

शुक्रवारी पहाटे बंकट घरी आला. आज त्यानं विनोद केला नाही.

"कचरू, चल. कटला मेलाय एक. पांढरं पोट करून आलाय वर."

डोहावर पोचेपर्यंत एकाचे सात झाले होते. निम्मं गाव काठावर होतं, सुंदरराव सगळ्यात पुढं. जाळी कुणी आणली नव्हती, पण कुणाच्या तरी हातात टोपलं होतं आणि सगळ्यांचे डोळे कचरूबांच्या पायाकडे. तोंडं आता मोजण्यापलीकडं गेली होती. सगळा डोह उघडझाप करत होता आणि त्याचा बारीक आवाज येत होता, लहान मूल दूध ओढतं तसा.

"कचरू, तू जयंती म्हणालतास," सुंदरराव म्हणाले. "काय करायचं? सांग लवकर. जाळी टाकली आन झरा चालू निघाला तर उगाच नासाडी. न्हाई टाकली तर सांजच्याला सगळा डोह सडतोय."

"बघतो," कचरूबा म्हणाले.

ते पाण्यात शिरले. छातीभर पाण्यात खडकावर उभे राहिले आणि पाय पुढं सरकवला. काही नाही. दाबून पाहिला. काही नाही. मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. नाक धरून बुडी मारली, हातानं फट शोधायला. काठावर कुजबुज झाली. खाली गाळ उठला, काही दिसेना, बोटं नुसती दगडावर घसरली, आणि सासष्ट वर्षांच्या छातीनं दम सोडला. खोकत, नाकातोंडातून पाणी काढत ते वर आले. पुन्हा बुडाले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वर आले तेव्हा एक मेलेला रोहू त्यांच्या खांद्याला येऊन लागला. चांगला चार किलोचा. पायाच्या वाट्याला गेला असता असा.

कचरूबांनी तो हातानं बाजूला केला आणि काठाकडे तोंड केलं.

"अण्णा, पाय मेलाय माझा."

कुणाला काही समजेना.

"साखरेनं मेलाय. संक्रांतीपासून. गार कळंना, ऊन कळंना, काटा कळंना."

सुंदररावांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग रविवारी कशानं सांगितलंस?"

"तोंडानं," कचरूबा म्हणाले.

त्या एवढ्या माणसांत कुणी शिवी दिली असती तर कचरूबांना बरं वाटलं असतं. कुणी दिली नाही. माशांचा तो ओढल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"पवनची माय," कचरूबांनी लेकाच्या नावानं बायकोला हाक मारली. "ये आत."

केशरबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभ्या होत्या. होळीनंतर डोहात एकच माणूस उतरतो, ही रीत होती, आणि बाई तर कधीच उतरलेली नव्हती. त्यांनी सुंदररावांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. लुगडं खोचलं, पदर कमरेला बांधला आणि चालत सुटल्या. पाणी गळ्याशी आलं तेव्हा कचरूबांनी त्यांचा दंड धरला.

"ह्यो खडक. लागला?"

"लागला."

"डाव्या अंगाला सरक. आता खाली. अंगठा घाल."

"कुटं घालू? सगळा दगडच हाय."

"अजून खाली. घाई करू नको."

केशरबाईंचा पाय घसरला, नाकात पाणी गेलं. कचरूबांनी त्यांना वर ओढलं. त्या पुन्हा खडकावर चढल्या.

"हाय. गेला आत."

"आता दम काढ. पहिल्यांदा आपल्याच पायाची धग लागती. ती जाऊ दे." कचरूबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं गाव त्यांच्या चेहऱ्याकडे असंच बघत आलं होतं, आणि असं बघताना किती घाम फुटतो हे त्यांना आज कळलं. "काय लागतंय?"

"पानी."

"अगं, कसलं? माझ्या आंघोळीवरनं सांग. हिवाळा हाय का?"

केशरबाईंनी डोळे मिटले. काठावर एक म्हैस फुरफुरली, तिला कुणीतरी गप्प केलं.

"हिवाळा न्हाई," त्या म्हणाल्या. "चूल पेटवून मी पीठ मळाया बसते ना, तवर हंड्यात जेवडी धग येती, तेवडी हाय."

"फटीत?"

"फटीत बी. भाईर बी. एकच हाय सगळं."

"नीट बघ. फटीतनं बारीक गार धार, दोऱ्यावानी?"

केशरबाई बराच वेळ थांबल्या. इतका, की कचरूबांच्या मनात आशा आली.

"न्हाई वो," त्या हळूच म्हणाल्या. "काय बी येत न्हाई आतून."

कचरूबांनी काठाकडे पाहिलं. त्यांचा आवाज चिरकला, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"आज. आत्ता. जाळी आना!"

मग जे पळणं झालं ते उंबरदऱ्यात निवडणुकीतसुद्धा झालं नसेल. घराघरातून जाळी आली, मच्छरदाण्या आल्या, एकानं तर क्रिकेटची जाळी आणली. जिवंत मासे वर येत होते, मेलेले वेगळे टाकत होते, आणि अंडी धरलेले मासे आणि बोटाएवढी पिल्लं घागरी भरभरून सुंदररावांच्या शेततळ्यात जात होते. त्यांनी स्वतः फाटक उघडून दिलं. तोंड वाकडं होतं, पण फाटक उघडं होतं. दुपारपर्यंत डोह हलका झाला. मेलेले छप्पन्न निघाले. ते पुरायला खड्डा खणला, आणि तो कचरूबांनी एकट्यानं खणला. मदतीला आलेल्यांना त्यांनी हातानंच लांब केलं. संध्याकाळी बंकटनं एक म्हैस उतारावर आणली. तिनं पाणी हुंगलं, मालकाकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं आणि प्यायली.

बंकट तिथून सरळ ओव्हाळांच्या दारात आला. हातात रोहू होता, जिवंत निघालेल्यांतला सगळ्यात मोठा. कचरूबा ओट्यावर बसले होते. त्यांनी त्या माशाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"तुला न्हाई बे," बंकट म्हणाला. "वैनी, भाईर या. पायाचा वाटा घ्या."

केशरबाई बाहेर आल्या, पिठाचे हात पदराला पुसत. त्यांनी मासा घेतला.

"आन पुढल्या साली तारीख कवा ते बी तुमीच सांगा," बंकट म्हणाला. "ह्याला फट कुटं हाय तेवढं दाखवाया न्या संगं. बाकी काय कामाचा ऱ्हाईला न्हाई."

"फट मला ठाऊक हाय आता," केशरबाई म्हणाल्या. "तरी नेईन. दंड धराया लागतो."

शनिवारी सकाळी कचरूबा न्हाणीच्या दगडावर बसले. केशरबाईंनी विसण घातलं, हात बुडवून पाहिला आणि पहिला तांब्या पायावर ओतला.

"कसं हाय?"

कचरूबा पायाकडे बघत राहिले. पाण्याची वाफ निघत होती, म्हणजे गार नव्हतं, एवढं त्यांना दिसत होतं.

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "तू सांग."